रुमाल टाकलेली जागा

कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ऋतुजानं शेजारच्या सीटवर रुमाल टाकला होता, मैत्रिणीसाठी, नम्रतासाठी. ती पुढच्या थांब्यावर चढणार होती. त्याआधीच एक उंच, किडकिडीत मुलगा आला. त्यानं रुमाल दोन बोटांनी उचलला, घडी घालून तिच्या हातात दिला आणि खुशाल बसला.

"अहो, जागा धरलीय. रुमाल दिसला नाही का?"

"दिसला जी. पण कंपनीनं पास माणसांना दिलेत, रुमालांना नाही."

कोथरूडची मुलगी, आणि भांडायचं सोडून तिनं रुमाल पर्समध्ये ठेवला… तिथंच पाणी मुरलं म्हणायचं.

मुलगा वाशीमचा, नाव शुभंकर. नशीब असं खट्याळ की तो नेमका तिच्याच टीममध्ये आला. एका इस्पितळाची वेबसाइट करायची होती. चाळीस डॉक्टर, त्यांच्या माहितीची चाळीस कार्डं. तेच ते चाळीसदा कोण लिहीत बसणार? कार्डाचा साचा एकच करायचा, त्यात मोकळी जागा सोडायची, आणि ज्याचं त्यानं आत भरायचं. त्या जागेला म्हणे 'स्लॉट' म्हणतात.

"बसची सीटच ही," शुभंकर म्हणाला. "येईल त्यानं बसावं."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर आपण आधी लिहून ठेवलेली ओळ दिसते. म्हणजे तुझा रुमाल."

तेव्हापासून त्या ओळीला दोघं रुमालच म्हणू लागले. पुढं नम्रतानं नोकरी सोडली, आणि सकाळचा खरा रुमालही शुभंकरसाठी पडू लागला. मनातलं मात्र कुणीच बोललं नाही. या पोरांना यंत्राशी तासन्‌तास बोलता येतं. शेजारच्या माणसाशी बोलायचं म्हटलं की दातखीळ बसते.

शुक्रवारी तो सहज म्हटल्यासारखं म्हणाला, "नागपूरच्या ऑफिसात जागा निघालीय. घर जवळ पडेल. सोमवारी इस्पितळवाल्यांना काम दाखवलं की साहेबांना उत्तर द्यायचंय." आणि तिच्याकडे बघत राहिला.

"मग जा की," ऋतुजा म्हणाली. जीभ ही अशी, नको तिथं पुणेरी.

तो गेल्यावर ती साचा तपासत बसली. रिकाम्या जागेत रुमाल नीट उमटतो का पाहायला काहीतरी लिहायला हवं होतं. बोटांनी आपलं आपणच लिहिलं, 'ही जागा शुभंकरची आहे.' नीट उमटलं. ती बघतच राहिली… तेवढ्यात बसची वेळ झाली, आणि बाई आहे तसं सगळं वेबसाइटवर चढवून पळाल्या. चुलीवर दूध ठेवून शेजारी गप्पांना जावं, तसं.

आठवलं ते सोमवारी, वाकडच्या पुलाखाली, बस अडकल्यावर. बालरोगतज्ज्ञ अजून नेमलेलेच नाहीत. त्यांचं कार्ड रिकामं! अकरा वाजता मोठ्या पडद्यावर, दहा परक्या माणसांसमोर, लहान मुलांच्या डॉक्टरच्या जागी…

शुभंकर तयारीसाठी पहाटेच गेला होता. तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शेजारच्या सीटवर सवयीनं टाकलेला रुमाल तिच्याकडे बघून दात काढत होता.

"दत्तोबा, अजून किती वेळ?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"ताई, मी बस चालवतो. रस्ता नाही चालवत."

साडेदहा. पावणेअकरा. अकरा… लोक हसतील, ते सोसेल. पण तो? त्याला वाटेल, चारचौघांत आपली थट्टा केली. मग नागपूर काय, तो कुठंही जाईल.

ती पोचली तेव्हा साडेअकरा झाले होते. पाहुणे समोसे खात होते. शुभंकर लिफ्टपाशीच उभा होता.

"आवडलं त्यांना," तो म्हणाला.

"बालरोगतज्ज्ञ…"

"'लवकरच रुजू होत आहेत.' असं लिहिलं मी तिथं. आठ वाजता."

म्हणजे यानं वाचलं होतं. ऋतुजाला आपल्या चपला एकदम फार बघण्यासारख्या वाटल्या.

"आणि… आधीचा रुमाल?"

"तो मी ठेवून घेतला."

"आणि नागपूर?"

"साहेबांना सांगितलं, जमणार नाही. इथं माझी जागा कुणीतरी धरलीय." मग जरा घाबरतच म्हणाला, "धरलीय ना? की नुसतं तपासायला लिहिलं होतंस?"

तिनं जोरजोरात मान डोलावली. पळत आल्यानं धाप लागलेली, आणि डोळे भरून आलेले.

संध्याकाळी ती बसमध्ये चढली तेव्हा शुभंकर आधीच बसला होता. शेजारी, खिडकीच्या जागेवर, पोळीएवढा मोठा पुरुषी रुमाल पसरलेला. तिनं तो दोन बोटांनी उचलला, घडी घातली, त्याच्या हातात दिला.

"पास माणसांना दिलेत," ती म्हणाली, आणि बसली.