ओढ्याकडची भिंत

ऐक ना, आम्ही फक्त घर बघायला गेलो होतो. म्हणजे घराची जागा. मी आणि माझा मावसभाऊ अल्टन, डब्लिनहून बसने मेयोला, आयर्लंडच्या पार पश्चिमेला. जुन्या मोजणीच्या नकाशात आमच्या खापरपणजीचं माहेर आहे, एक काळा चौकोन, एवढासा. आता तिथे नुसतं कुरण. बटाट्याचं पीक कुजलं, त्या जुन्या दुष्काळात अख्खी वाडी संपली.

फोनवर तो नकाशा लावला की आपण कुठे आहोत त्याचा निळा ठिपका त्यावर सरकतो. मी नकाशातल्या पायवाटेने गेले. अल्टन आळशी, ओढ्याकडून सरळ घुसला. दोघांचे ठिपके चौकोनात.

"खापरपणजीकडे हात हलवत आलीस?" तो म्हणाला. मी हसले, परत फिरले आणि कपाळ आपटलं.

समोर काहीच नव्हतं, गवत आणि धुकं. पण हाताला दगड लागत होता. गार, ओला. चारी बाजूंनी. आणि पीट जळल्याचा वास, इकडे चुलीत जाळतात ती दलदलीतली वाळकी माती... अगदी जवळून.

आम्ही ओरडलो. फाटकापाशी म्हातारा मॅलाकी होता, त्याचीच मेंढरं तिथे चरतात. तो धावत आला, पण थोडा लांबच थांबला. कुत्रा तर फाटकातच बसून राहिला.

"पोरी, ओरडू नकोस," तो हळूच म्हणाला. "ज्या दाराने आत गेलीस, त्याच दाराने बाहेर ये. आपल्याकडे दुसऱ्या दाराने निघत नाहीत."

नकाशातल्या चौकोनाला दार कुठे असतं गं? पण ओल्या गवतात माझी पावलं उमटली होती. त्यांच्यावरूनच मागे आले. दोन्ही खांद्यांना काहीतरी घासलं, आणि मी बाहेर.

अल्टन माझ्या मागोमाग आला. मी बाहेर पडले तिथेच आपटला.

मॅलाकीने विचारलं, हा कुठून शिरला? मी म्हटलं, ओढ्याकडून. त्याने टोपी काढली.

"तिकडे दार नव्हतंच कधी..."

अल्टन आपल्या पावलांवरून उलटा गेला. हवा चाचपत राहिला. ढकलली, लाथा मारल्या. मी पुन्हा आत जायला निघाले, तर मॅलाकीने माझं मनगट आवळलं. हाताच्या अंतरावर अल्टन उभा, चहूकडे मोकळं कुरण, आणि माझी हाक त्याला ऐकूच जाईना.

मग तो थांबला. कुणीतरी बोलावल्यासारखा मागे वळला. मान हलवली, "नको, मी जेवून आलोय" म्हणावं तशी. पुन्हा हलवली.

आणि मग तो बसला. गवतावर नाही... गुडघ्याएवढ्या उंचीवर, हवेत.