फोन यावा म्हणून

बीडहून खरं तर दुसराच माणूस यायचा होता. तो तापानं फणफणला, म्हणून ऑफिसातल्या केदारनाथला धाडलं... अन् तिथंच सगळा घोटाळा झाला बघा!

शिरूर कासारच्या स्टँडजवळ ऊसतोडीची टोळी ट्रॅक्टरची वाट बघत होती. उन्हात राबताना कुणी चक्कर येऊन पडू नये, म्हणून कारखान्यानं यंदा मनगटी पट्टे काढले होते; ते बांधायलाच केदारनाथ आला होता. नाडी फार वाढली की पट्ट्यावर लाल दिवा लागायचा. तसाच बीडच्या ऑफिसात केदारनाथच्या कॉम्प्युटरवरही. मग त्यानं फोन करून विचारपूस करायची.

विशीतल्या सत्यशीलानं हात पुढं केला. मनगटभर हिरव्या बांगड्या!

"जरा वर सरकवा—"

"तुमीच सरकवा की साहेब. फुटली तर भरून देताल?"

"देईन."

"बघा हं... इतक्या लोकांत कबूल झालात!"

तो कानापर्यंत लाल झाला. तो पट्टा बांधत होता, आणि ती मुद्दाम हात हलवत होती.

माजलगावकडच्या उसाच्या फडात एका दुपारी खरंच लाल दिवा लागला आणि तिचा फोन वाजला.

"सावलीत बसा. पाणी प्या. अन्... जेवलात का?"

काय मेला तो आवाज! दुसऱ्या दिवशी फोन नाही, तर पोरीला करमेना. मग काय, पाण्याला जाते म्हणायची आणि बांधावरून जीव खाऊन पळत सुटायची. दिवा लाल! लगेच फोन!

"आज परत?"

"छातीत लई धडधडतंय..."

"कशानं?"

"तुमीच सांगा. शिकलेले तुमी—"

तो हसायचा, पण फोन ठेवला की घाबरायचा. वेडा कुठला! त्याला ते सगळं खरं वाटायचं. शेवटी त्यानंच वरच्या साहेबांना गळ घातली: हिला तोडीवरून काढा, हिच्या जिवाला काही होईल. टोळीच्या मुकादमानं तिला गावी पाठवून दिलं.

इथंच घात झाला. फडात एक कोयता म्हणजे दोन माणसं. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. सत्यशीला भावाची, बिभीषणची जोडीदार. एकट्याला टोळीत कोण ठेवणार? बायको तरी जोडीला येईल, म्हणून घरच्यांनी घाईघाईनं त्याचं लग्न जमवलं. नवरीकडचे म्हणाले, आमची पोरगी घ्या आणि तुमची आमच्या पोराला द्या. साटंलोटं ठरलं.

पट्टा परत न्यायला केदारनाथ आला, तेव्हा दारात मांडव पडला होता.

"आता बरं आहे ना?"

"मला झालंच काय होतं? पळायचे मी... तुमचा फोन यावा म्हणून."

"अगं... मी तर तुला जपायला गेलो—"

"ठाव हाय मला."

"नाही म्हण या लग्नाला. मी आजच घरी बोलतो."

"मी न्हाई म्हणले की भावाचं बी मोडतंय. तिकडं त्याची नवरी हळद लावून बसलीय."

"आधी एकदा तरी बोलायचं होतंस, सत्यशीला!"

"अन् तुमी? दिवा नसताना एकदा तरी फोन करायचा होता..."

"रोज नंबर काढायचो गं. रोज."

"मग लावला कावून न्हाई?"

आतून आईनं हाक मारली. डोळे पुसत ती उठली. पट्टा खिशात घालून तो मांडवाबाहेर पडला.