यादीनंतरची ओळ

त्या दिवशी खरं तर मी नुसते डोळ्यांचे थेंब द्यायला गेले होते.

मिरजेतून थेंब घ्यायचे, कुपवाडच्या कारखान्यांमागे फादर सिल्वेस्टर राहायचे तिथे पोचवायचे, तासभर पेपर वाचून दाखवायचा आणि उजेड असेपर्यंत स्कूटीवरून घर गाठायचं. वर्षभर हेच चाललं होतं. फादर नव्वदीला टेकलेले, दोन्ही डोळे गेलेले. मी इतिहासात एम.ए. करून घरी बसलेली. भित्री इतकी, की कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं पडतं. फादरकडे स्वयंपाकाला असलेल्या बनुबाई मुद्दाम पाठीमागून यायच्या आणि मी दचकले की पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या आठवड्यात पेपरात एकच विषय होता. पोप गेले होते आणि तिकडे रोममध्ये नव्या पोपची निवड चालली होती.

"पांढरा धूर निघाला की झालं म्हनायचं?" चहा ठेवता ठेवता बनुबाईंनी विचारलं. "आमच्यात सरपंच निवडायचा तर आठ दिस दारूचा वास निघतुया. धूर बरा त्यापरीस."

एरवी फादर हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. छातीत कफ दाटला होता, सकाळीच डॉक्टर मान हलवून गेले होते, आणि दवाखान्यात जायला फादरनी साफ नकार दिला होता.

"सोनिया," ते म्हणाले, "आज धूर निघेपर्यंत थांबशील?"

मी घरी फोन केला आणि थांबले. मग त्यांनी मला कारण सांगितलं.

पोपांची एक जुनी यादी आहे, भविष्याची. एका संताच्या नावावर चालत आलेली. होणाऱ्या प्रत्येक पोपसाठी एक लॅटिन ओळ, जेमतेम दोन-चार शब्दांची. मी त्याबद्दल वाचलं होतं. अभ्यासक ती बनावट मानतात. तसं मी म्हटलंसुद्धा.

"बनावटच आहे," फादर म्हणाले. "पण माझ्याआधी या घरात जे फादर होते ना, ते ती रोज मोठ्यानं वाचायचे. वाचून वाचून त्यांनी कुणाला तरी ऐकायची सवय लावली."

"कुणाला?"

त्यांनी पलंगाशेजारच्या वेताच्या खुर्चीकडे नुसतं तोंड वळवलं. त्या खुर्चीवर कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बनुबाई धुतलेल्या कपड्यांची घडीसुद्धा तिच्यावर ठेवत नसत.

फादर सांगत गेले. निवडलेल्या माणसाला तिकडे रोममध्ये विचारतात, तुला मान्य आहे का? तो हो म्हणेपर्यंत काहीच झालेलं नसतं. साठेक वर्षांपूर्वी अशाच एका निवडीच्या दिवशी तो प्रश्न या खोलीत आला. जुन्या फादरना वाटलं, कुणी थट्टा करतंय. ते हो म्हणाले.

"तेव्हापासून त्यांच्या तोंडून ओळी यायला लागल्या. रोमच्या नाहीत. इथल्याच माणसांच्या. ओळ ज्याला लागू पडेल त्याला हाक यायची…" फादर श्वासासाठी थांबले. "निवडलेला माणूस परत आपल्या घरी जात नाही, सोनिया. इथले सात जण हाकेमागे गेले ते गेलेच. मग जुने फादर वारले, तेव्हा थांबलं."

त्यानंतर चार निवडी झाल्या. चारही वेळा प्रश्न आला आणि चारही वेळा फादर सिल्वेस्टर गप्प राहिले. ही पाचवी. गेलेले पोप यादीतले शेवटचे होते. पुढे ओळच नाही. यावेळी कुणी हो म्हटलं नाही तर ते कायमचं संपेल, असं फादर म्हणत होते.

"पण माझं डोकं आता माझ्या ताब्यात नाही. ग्लानीत काय बोलेन सांगता येत नाही. मी भलतं बोलायला लागलो तर ओठांवर हात ठेव. मी हो म्हणता कामा नये."

म्हातारपणाचं वेड, असं मी मनाला सांगितलं. तरी खुर्ची भिंतीकडे सरकवायला म्हणून उठले आणि तिला हात न लावताच परत बसले.

सात वाजता शेजारच्या वर्कशॉपमधलं लेथ थांबलं. माणसं गाड्यांवरून पांगली, जळक्या लोखंडाचा वास तेवढा मागे राहिला. बनुबाई त्यांच्या मागच्या खोलीत गेल्या. मोबाईलवर मी धूर निघायची ती रोमची चिमणी लावून ठेवली, आवाज बंद करून. जीभ गुंतून राहावी म्हणून फादर यादी पुटपुटायला लागले. एक ओळ लॅटिन, मग तिचा मराठी अर्थ. कुठे फूल, कुठे चंद्र, कुठे आग.

इथं एक सांगायला हवं. आम्ही मूळचे आटपाडीकडचे धनगर. माझे आज्जा तात्याबा मेंढरं बसवली की रात्री ओव्या म्हणायचे, मध्ये मध्ये गोष्ट सांगायचे. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, हा नियम. ओळ संपली की 'हं'. हुंकार थांबला की आज्जा थांबायचे. "मेलासा का रं समदी?" म्हणायचे. त्या धाकानं आम्ही पोरं झोपेतही 'हं' म्हणायला शिकलो. कॉलेजात सर शिकवायचे तेव्हासुद्धा माझ्या तोंडून 'हं' निघायचं आणि मुली हसायच्या.

फादर ओळ म्हणत होते. मी 'हं' म्हणत होते.

नऊ वाजून गेले. त्यांचा आवाज खोल गेला, शब्द तुटायला लागले. एकदा ते भलतंच काही बोलू लागले तशी मी तळहात त्यांच्या ओठांवर ठेवला, आणि तो तिथंच राहिला. माझे डोळे जड झाले होते. ओळी येत होत्या, संथ, एका सुरात…

"…ज्याच्या मागे कुणी नाही…"

"हं."

"…ज्याची जागा रिकामी…"

"हं."

"…मान्य आहे?"

"हं."

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना. तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझा तळहात फादरच्या ओठांवर घट्ट होता. ओठ गार होते. कधीपासून गार होते, मला माहीत नाही.

मोबाईलच्या छोट्या पडद्यावर पांढरा धूर निघत होता. लोक मुक्यानं नाचत होते.

खुर्चीकडे मी पाहिलं नाही. वेत करकरला. जड माणूस बराच वेळ बसून उठल्यावर करकरतो, तसा.

मी कुणाला काही बोलले नाही. डुलकी लागली, भास झाला, असं स्वतःला समजावत राहिले. तिसऱ्या दिवशी दफन होतं. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले होते आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले. मनात आधी काहीच आलं नव्हतं.

"एका पायात दुसरीची चप्पल."

शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. मी खोकले.

दफनानंतर फादरचं सामान बांधायला मी त्यांच्या घरी पुढे आले. बनुबाई मागून रिक्षानं येणार होत्या. मी व्हरांड्यात उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय बघत होते. बूट, सँडल, स्लिपर. सगळ्यांच्या जोड्या जुळत होत्या. मला जरा हायसं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात बनुबाई फाटकातून लंगडत आल्या.

"बघ की गं. चर्चच्या पायरीवर चपलांचा ह्यो ढीग. कुनीतरी माझी एक नेली आन आपली एक ठेवली. मातीला आल्याली मानसं, आन ध्यान कुठं असतंय कुनास ठावं." उजव्या पायात निळी होती, डाव्यात तपकिरी, दोन बोटं मोठी.

"काढा ती, मावशी. आत्ताच्या आत्ता काढा."

"काढते की. तुला कशापायी एवढा घाम—"

त्या मध्येच थांबल्या. मान फादरच्या बंद खोलीकडे वळली.

"ओ," त्या म्हणाल्या. "आले, आले."

"मावशी, आत कुणी नाही."

"आगं, हाका मारत्यात न्हवं. लय येळ झाला वाटतं." त्यांनी पदर खोचला, दोन्ही चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि दार ढकललं.

जाऊ नका, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. आवाज माझाच होता.

"ओल्या केसांनी दार उघडणारी," मी म्हणाले.

खोलीला दुसरं दार नाही. खिडकीला गज आहेत. पलंग, भिंत, आणि ती खुर्ची, एवढंच आत सापडलं. चपला दोन दिवस उंबऱ्याबाहेर होत्या, मग पोलिसांनी नेल्या.

त्यानंतर मी कुणाच्याही घरची बेल वाजवलेली नाही.