हातोडा पडेपर्यंत

त्या पत्राला ग्रंथपालांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. वाचनालयात नेहमी येणाऱ्या, ऑलिंपिकमध्ये हातोडाफेकीला गेलेल्या एका मुलीनं तिथूनच ते पाठवलं होतं. ‘पदक हुकलं. परत येतेय. माझ्याशी लग्न कराल? कळवा.’

वाचून ते हबकलेच. चष्मा पुसून पाकिटावरचं नाव पुन्हा पाहिलं... आपलंच. एवढी मोठी खेळाडू, आणि आपण पुस्तकांवरची धूळ झटकणारे! थट्टाच असणार, असं ठरवून ते गप्प बसले. ती परतली, वाचनालयामागच्या मैदानावर कोच झाली. नमस्कार-चमत्कार चालू राहिले. दोघांचेही केस पिकले.

आज ते मैदानाकडेच्या बाकावर वाचत बसले होते, आणि — धप्प!

पायापासून हातभर अंतरावर हातोड्याचा लोखंडी गोळा मातीत रुतला. त्याची तार अजून थरथरत होती.

नवखी फेकणारी मुलगी घाबरून पळत आली. तिच्यामागोमाग ती, कोच.

“लागलं नाही ना हो?”

ग्रंथपाल पुस्तक चाळू लागले. “पान... पान चुकलं माझं.”

“जीव वाचला, आणि यांना पानाची काळजी.” मग ती मुलीकडे वळली. “आणि तू गं? हातोडा पडायच्या आत फेकीचं वर्तुळ सोडलंस. फेक बाद! जा, वर्तुळाभोवतीची जाळी नीट लाव आधी.”

मुलगी गेली. जीव वाचल्याच्या भरातच बहुधा, ग्रंथपालांच्या तोंडातून निघून गेलं — “तुम्ही लग्न का नाही केलंत?”

तिनं तारेवरची माती अंगठ्यानं पुसली.

“कसं करणार? मी सोडलेला हातोडा अजून पडलाच नाही. वर्तुळातच उभी आहे मी.”

दुसरा गोळा छातीवरच पडावा तसं झालं त्यांना.

“म्हणजे... ते पत्र खरं होतं?”

“थट्टा करायला कुणी एवढ्या लांबून तिकिटं चिकटवतं का?”

“मला वाटलं...”

“वाचता एवढं, पण कळत काही नाही. बोला आता.”

“तोंडानं... नाही जमायचं.”

ते जवळजवळ पळतच आत गेले. पोस्टकार्डावर तिचा पत्ता घातला, एकच शब्द लिहिला, खाली सही केली आणि फाटकाजवळच्या टपालपेटीपाशी आले.

ती खरोखरच वर्तुळात जाऊन उभी होती. हाताची घडी घातलेली, नजर पेटीवर. शिकाऊ मुली तोंडात बोट घालून बघत होत्या.

त्यांनी कार्ड आत सोडलं.

“पडलं का?” तिनं तिथूनच विचारलं.

“पडलं!” आयुष्यभर वाचनालयात कुजबुजलेला माणूस मैदानभर ऐकू जाईल असा ओरडला.

मग नियमाप्रमाणे, वर्तुळाच्या मागच्या बाजूनं, तिनं पाऊल बाहेर टाकलं.