अस्वल वर का बघत होतं

क्षिप्राच्या मोहने गावातल्या घराच्या दाराला कुणीतरी सडकी मासळी बांधून गेलं होतं.

"मावशी, लवकर या," ती फोनवर रडत होती. "स्वानंदला मीच मारलं म्हणतायत."

निवृत्त फौजदार मंदाकिनी म्हात्रे ठाकुर्लीहून रिक्षानं आल्या. नाकाला पदर लावून त्यांनी दोरी कापली. हात तीनदा धुतले, तरी वास जाईना.

एवढं सगळ्यांना माहीत होतं:

डोंबिवलीचा ट्रेकिंग ग्रुप. हिमाचलातलं राष्ट्रीय उद्यान. बर्फाची शिखरं, रानफुलं. पाचव्या सकाळी अस्वलानं स्वानंदला फाडलं. पुढच्या महिन्यात त्याचं क्षिप्राशी लग्न होतं. आणि क्षिप्राच्या तंबूत सुकी मासळी होती.

"काय नेलेलंस गं?"

"आईनं दिलेली जवळ्याची चटणी. मासळी आहे म्हणून वनरक्षकाला मीच सांगितलं. डबा उघडलाच नव्हता."

मंदाकिनीबाईंनी तिच्या मोबाइलवर पंचनामा वाचला.

डबा: बंद, चिकटपट्टी शाबूत.
तंबू: शाबूत.
प्रेत: ओढ्याच्या वाटेवर, झाडाखाली.
त्याच झाडाच्या फांदीला: सुतळी. सुतळीत माशाचं वाळकं डोकं. जात माहीत नाही.

खाली डोक्याचा फोटो होता. बाईंनी तो मोठा करून पाहिला.

दुपारी डोंबिवली. ग्रुपचा म्होरक्या मयूर. भिंतीवर त्यानं काढलेला भलामोठा फोटो: मागच्या पायांवर उभं अस्वल, मान वर, मागे हिमशिखर.

"भारी आलाय ना? स्पर्धेला पाठवलाय."

"कधी काढला?"

"त्याच सकाळी. नशिबानं दिसलं."

"मग?"

"मग गेलं तंबूकडे. त्या बोंबलांच्या वासानं! यांना नेऊच नये मॅडम. आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही."

"तंबूकडे?"

"हो. स्वानंद मध्ये आला."

"तंबूला ओरखडासुद्धा नाही, मयूर. स्वानंद झाडाखाली मेला. डब्यात जवळा होता. बोंबील फक्त त्या फांदीवर होते. हिमाचलच्या गार्डला ते डोकं ओळखता आलं नाही. मला आलं, माझ्या आईनं जन्मभर बोंबील वाळवले. तुम्हाला न बघता कसं कळलं?"

त्यानं भिंतीवरच्या अस्वलाकडे पाहिलं.

"ते वर बघतंय, कारण तुम्ही आमिष वर टांगलंत. उभं राहिलं की फोटो छान येतो. पाण्याची वाट खालूनच जाते, हे विसरलात. की नाही विसरलात? कॅमेऱ्याचं कार्ड द्या. खाली हवालदार उभा आहे."

कार्डवर एकेचाळीस फोटो होते. दहाव्यात स्वानंद होता, हातात बाटली. त्यापुढचे एकतीस बाईंनी बघितले, कारण कुणीतरी बघायलाच हवे होते.

"तुम्ही थांबला नाहीत," त्या म्हणाल्या.

"ते मी कुठे पाठवले? एकच तर पाठवला!"

हवालदाराला हाक मारून बाई जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी क्षिप्राला फोन केला आणि सगळं सांगितलं.

त्यांचा फोन ठेवून क्षिप्रानं स्वानंदच्या आईचा नंबर लावला.

"काकू, मी क्षिप्रा. प्लीज, ठेवू नका."

काकूंनी फोन ठेवला नाही.