कुहूचं उष्टावण

हे मी रचून सांगत नाहीये. माझा तो स्वभावच नाही. मी कोड लिहिते. पुरावा असल्याशिवाय नवऱ्याचंही ऐकत नाही.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार. रात्र नव्हती, दुपारचे साडेबारा, बाहेर लख्ख ऊन. जागा, फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमधलं दिनकरकाकांचं रेस्टॉरंट.

कुहू झाल्यावर मी एल्टर्नत्साइटवर होते, म्हणजे बाळासाठीची लांब रजा. मला रिकामं बसवेना. म्हणून एक वेब ॲप करायला घेतलं. इथले आम्टवाले, म्हणजे सरकारी ऑफिसातले लोक, हॉटेलांची स्वच्छता तपासतात. ते सरकारी रिपोर्ट मागवायचे आणि नकाशावर दाखवायचे. स्वच्छ ते हिरवं, घाण ते लाल.

रिपोर्टांत काय काय निघायचं. फ्रीजमध्ये बुरशी, पिठात उंदराच्या लेंड्या... ते एकवेळ ठीक.

मग एका रिपोर्टमध्ये हे आलं.

"किचनमध्ये एक म्हातारी. पातेल्यात हात घालून खाते, चघळते, घास परत पातेल्यात टाकते. मालक म्हणतो, अशी कोणी इथे नाही."

शी.

दुसऱ्या हॉटेलच्या रिपोर्टमध्ये तेच वाक्य.

तिसऱ्यातही...

एकूण नऊ ठिकाणी. तपासणारे वेगळे, वर्षं वेगळी, शब्द तेच. मी म्हटलं, आळशी मेले, कॉपी-पेस्ट करतात. हे वाक्य मोजायचंच नाही, अशी एक ओळ कोडमध्ये टाकून दिली.

नऊ लाल ठिपके हिरवे झाले. त्यातला एक काकांचा होता.

कुहूचं उष्टावण तिथेच ठरलं. पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून माझा भाऊ तनय इंगोलश्टाटहून आला.

"ताई, इथलं चेक केलंस ना?"

"हिरवं आहे रे. ॲप मी केलंय, मला शिकवू नकोस."

काका बाहेर पाहुण्यांची ताटं मांडत होते. मी खीर आणायला आत गेले.

किचनमध्ये कोणी नव्हतं.

चप... चप...

कोणीतरी तोंड वाजवत जेवत होतं. न धुतलेल्या कवळीसारखा आंबूस वास आला. मागचं दार आतून लावलेलं होतं.

खिरीच्या पातेल्यावरचं झाकण बाजूला पडलं होतं. साय फाटलेली. चार बोटं फिरवल्याच्या खुणा. आणि मधोमध, लाळेने ओला, चावलेल्या तांदळाचा गोळा...

मी बघत असतानाच शेजारी दुसरा गोळा पडला.

वरून. हवेतून.

मी तशीच बाहेर धावले.

"तनय, थांब, भरवू नकोस."

त्याच्या हातात चांदीची वाटी होती. सोन्याची अंगठी खिरीत बुडवलेली. काकांनी त्याला त्याच पातेल्यातून आधीच वाढून दिलं होतं.

"अगं, तीनदा चाटवली. बघ ना, किती आवडलीये तिला."

कुहू ओठ चाटत होती.

कोडमधली ती ओळ मी त्याच संध्याकाळी काढली. काकांचा ठिपका लाल झाला, तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, मुलगी ठणठणीत आहे. पण मला माझीच किळस येते. हिरवं मीच केलं होतं.

आता कुहू भात खाते. बराच वेळ तोंडात घोळवते, मग चार बोटं घालून घास बाहेर काढते आणि माझ्या ताटात ठेवते. आई फोनवर म्हणते, "सगळीच बाळं करतात गं."

करत असतील. परवा मी तो घास उचलून खिडकीशी नेऊन पाहिला. शितं अगदी बारीक चावलेली होती.

कुहूला अजून एकही दात आलेला नाही.