लिंबाजीची लेक

सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात मी पिंगळी स्टेशनावर उतरलो आणि लिंबाजीच्या घरी गेलो. हैदराबादच्या पलटणीत आम्ही दोघं एकत्र होतो. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांचे कैदी झालो. पहिल्याच पावसाळ्यात तो छावणीत तापानं गेला. मीच त्याला मूठमाती दिली.

त्याचा थोरला भाऊ किशनराव मी सांगितलेलं सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, "पाव्हणं, उद्या चावडीवर एवढी गवाही द्या. पाटलासमोर. लिंबाजी बेचाळीस साली दर्यापारच होता म्हणून."

"कशासाठी?"

"त्याच्या बायकूला तीन वर्सांची पोरगी हाय."

लिंबाजीच्या बायकोला, सुमनबाईला, त्यांनी घराबाहेर काढलं होतं. ती शेतातल्या खोपीत राहायची. माझ्या गवाहीनंतर जमिनीतला तिचा वाटाही जाणार होता. मी खरं तेच सांगणार होतो. तरी आधी तिला भेटून यावं, असं वाटलं.

दुपारची वेळ. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून काळं शेत मोकळं झालेलं. तिनं पाणी दिलं आणि नजर न चुकवता म्हणाली, "भाऊ, ते यायचे. पोरीच्या आधीच्या पावसाळ्यात. दुपारच्याला, जवारीतून चालत. बोलायचे न्हाईत. लय वाळले होते."

एकटेपण माणसाला काय काय दाखवतं, ते मी छावणीत पाहिलं होतं.

"डाव्या कानाची पाळी फाटली होती," ती म्हणाली. "मी हळद भरायचे."

कान छावणीतच फाटला होता, काटेरी तारेनं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तापात लिंबाजी दुपारभर निपचित पडायचा. जाग आली की म्हणायचा, "घरी जाऊन आलो." त्याचं अंग मीच पुसायचो. कानावर पिवळं दिसायचं, मी पू समजायचो. छावणीतली माती तांबडी होती. त्याच्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत मात्र काळा, चिकट चिखल असायचा. गटारातला असेल, असं मी धरून चाललो होतो.

"मग एक दिवस आले न्हाईत," ती म्हणाली. "पुन्हा आलेच न्हाईत."

कधीपासून, ते मी विचारलं नाही.

"गवाहीला काय सांगताल, भाऊ?"

मी तांब्या खाली ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी चावडीवर मी उभा राहिलो. "पोरगी लिंबाजीची आहे," एवढंच म्हणालो. किशनराव उठून गेला. पाटलांनी सोबत्याच्या शब्दावर तिचा वाटा कायम केला.

निघताना खोपीवर गेलो. पोरगी अंगणात चिंचोके एका ओळीत मांडत होती. एकेकावर बोट ठेवून म्हणत होती, "इची... नी... सान..."

छावणीत रोज हजेरीला आम्हाला रांगेत उभं करून एकेकाला हेच जपानी आकडे म्हणायला लावायचे.

"सान" म्हणून ती थांबली. मान वर करून माझ्याकडं बघत राहिली.

रांगेत "सान" लिंबाजी म्हणायचा. त्यानंतरचा आकडा माझा असायचा.